सुरगाठ

धारहून मांडूला निघालेली गाडी नालछ्यात मुद्दाम कोणी थांबवत नाही. थांबलीच तर चहासाठी, नाहीतर पावसाळ्यात भाजलेल्या कणसासाठी. सगळ्यांचा जीव पुढे रूपमतीच्या सज्जात आणि जहाजमहालाच्या पाण्यात अडकलेला असतो. प्रेमात पडायला मांडू उत्तमच आहे. पण प्रेमात पडल्यानंतर जे चाळीस वर्षे चालते, म्हणजे दूध उतू जाणे, न कळवता पाहुणे येणे, कुत्र्याने नवी चप्पल फस्त करणे आणि वाढदिवसाला काय दिले किंवा दिले नाही यावरून दोन दिवस अबोला, त्या सगळ्याचा बसून विचार करणारा माणूस नालछ्यात राहून गेला, आणि त्याच्या गावात आपण कणसाला तिखटमीठ नीट लागले की नाही एवढेच पाहून पुढे जातो. माझे म्हणणे असे की घरातले सुख, भेटवस्तू आणि मुक्या जनावरांवरची माया या तिन्हींचा कस एकाच ठिकाणी लागतो: आपण मारलेल्या गाठीवर. मायेचे बोलणे कोणालाही जमते. गाठ मारणे सगळ्यांना जमत नाही.

या माणसाचे नाव आशाधर, जैन पंडित. शहाबुद्दीन घोरीच्या फौजा आल्या तेव्हा हे कुटुंब आजच्या राजस्थानातल्या मांडलगढहून परमारांच्या धारेत आले, आणि पुढे आशाधरांनी नालछ्यात, तेव्हाच्या नलकच्छपुरात, नेमिनाथाच्या मंदिरात बसून ग्रंथ लिहिले. मुनींसाठी ‘अनगारधर्मामृत’ आणि संसारी माणसांसाठी ‘सागारधर्मामृत’. अगार म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनगार, ज्याला आहे तो सागार, आणि ज्याला घराचे हप्ते आहेत त्याच्यासाठी तेराव्या शतकात शब्द नव्हता. ‘सागारधर्मामृता’वरची टीका त्यांनी स्वतःच लिहिली आणि विक्रम संवत १२९६ मध्ये, म्हणजे इ.स. १२३९ च्या सुमारास, पुरी केली. आपल्याकडे टीका ही दुसऱ्याच्या लिहिण्यावर करायची गोष्ट समजली जाते. स्वतःच्या लिहिण्यावर स्वतःच टीका करणारा माणूस मला तरी विश्वासाचा वाटतो. शिवाय घरात सरस्वती नावाची पत्नी होती, छाहड नावाचा मुलगा होता. संसाराबद्दल ते ऐकीव माहितीवर लिहीत नव्हते.

आता त्यांचा नियम पाहा. गाईगुरे पाळण्याबाबत त्यांनी परीक्षेतल्यासारख्या तीन श्रेण्या लावल्या. जनावरांच्या जिवावर पोट भरायचेच सोडून दिले तर पहिली श्रेणी. पाळायचीच असतील तर बांधू नका, ही दुसरी. आणि बांधल्याशिवाय भागतच नसेल, तर निदान निर्दयपणे बांधू नका, ही तिसरी. आता निर्दय नसलेली गाठ कशी असते? जैन गृहस्थाचाराने त्याचे उत्तर फार बारकाईने दिले आहे: दावे सैल हवे, जनावराला अंग हलवता आले पाहिजे, आणि आग लागली तर ते चटकन सोडवता किंवा तोडता आले पाहिजे. मराठीत याला एका शब्दात सुरगाठ म्हणतात. टोक ओढले की सुटते ती सुरगाठ. नखे, दात आणि शेवटी कात्री आणावी लागते ती निरगाठ. या नियमात प्रेम, जिव्हाळा, भावना यांपैकी एकही शब्द नाही, आणि माझ्या मते तीच त्याची थोरवी आहे. गोठा पेटेल तेव्हा धन्याची बोटे थरथरत असतील, धुरात त्याला दिसत नसेल, आणि म्हशीला समजावून सांगायला वेळ नसेल, हे सगळे कोणीतरी शांत दुपारी आधीच मनात आणलेले आहे. गळ्यात पडून ‘माझी राणी ती’ म्हणणे सोपे आहे. राणीला कासरा कसा बांधला आहे ते पाहिल्यावर राज्य कोणाचे ते कळते.

आजच्या घरांत म्हशी नसल्या तरी निरगाठी भरपूर आहेत. कुत्र्याला ‘बाळ’ म्हणतात, त्याचा वाढदिवस करतात, त्याच्यासाठी वेगळा केक येतो, टोपीसुद्धा येते. आणि केक कापून झाला की बाळ जिन्याच्या कठड्याला दोन हात साखळीवर परत. या साखळीबद्दल भारत सरकारलाही काही म्हणायचे आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर फार वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नालछ्याचे पंडितजी आणि दिल्लीची संसद सातशे वर्षांच्या अंतराने एकाच दाव्यावर येऊन थांबली, हे पाहून ऊर भरून येतो. मग कलमाखालचा दंड वाचावा, म्हणजे ऊर पुन्हा जागेवर येतो: कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये लिहिले आहेत. एवढ्यात इंदूरला दोघांचे पोहे-जिलेबीही होणार नाहीत.

आशाधरांनी ज्यांची चर्चा केली ते अहिंसाव्रताचे बारीक दोष, म्हणजे अतिचार, एकूण पाच आहेत: बांधणे, मारणे, अवयव कापणे, जास्त ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. यांतला ओझ्याचा दोष मला सर्वांत घरगुती वाटतो, कारण तो चार पायांवर थांबत नाही. माणसावर किती ओझे घालावे? तर त्याला स्वतः उचलता आणि स्वतः उतरवता येईल इतकेच. जनावरावर पेलेल त्याहून थोडे कमीच घालावे आणि नांगराला किंवा गाडीला जुंपलेले असेल तर वेळेवर सोडावे. आपल्या सरकारने १९६५ मध्ये ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी नियम केले, त्यांत गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून जास्त लादायला मनाई आहे. दिवसात ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद. नियम उत्तम आहेत. प्रश्न एवढाच की मे महिन्यात दुपारी साडेबारा वाजता, पारा ४२ वर असताना, बंद स्वयंपाकघरात चौथा घाणा तळणाऱ्या बाईला यांतला कोणता नियम लागू होतो? कोणताच नाही. तिला ९ तासांची मर्यादा नाही, सलग ५ तासांनंतर विश्रांती नाही, आणि ‘बाहेर फार ऊन आहे, आज घरीच बसू’ असे म्हणून घरी बसलेले चौघे तिच्या कामात भरच घालतात. बैलाला निदान पोळा तरी आहे. त्या दिवशी त्याचे खांदे मळतात, त्याला पुरणपोळी मिळते, आणि मुख्य म्हणजे ती पुरणपोळी त्याला स्वतः लाटावी लागत नाही.

इथे एक आक्षेप येणार आणि तो खरा आहे. ज्याने मद्य, मांस, मध आणि पाच प्रकारची उंबरवर्गीय फळे वर्ज्य केली, सूर्य मावळल्यावर जेवू नका म्हणून सांगितले, त्या माणसाला घरगुती आनंदाचा जाणकार कसे मानायचे? त्याच्या नियमाने इंदूरचा सराफा एका रात्रीत बंद पडेल. भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायचे कुठे आणि कधी? मान्य. आनंद चाखायला आशाधर उपयोगाचे नाहीत, त्यासाठी मांडूचा सुलतान घियासुद्दीन आहे. १४६९ ते १५०० पर्यंत त्याने राज्य केले आणि त्याच्या नावे ‘नेमतनामा’ हा पाककृतींचा ग्रंथ तयार झाला, जो आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशांचे प्रकार आहेत, विडे आहेत, अत्तरे आहेत, आणि चित्राचित्रांत भरघोस मिशांचा सुलतान शेजारच्या चुलीकडे लक्ष ठेवून बसला आहे. त्याच्या घरात आनंद ओसंडत होता यात शंका नाही. पण त्या चित्रांत ढवळणारे, वारा घालणारे, वाटणारे हात मोजा आणि मिशा मोजा. मिशा एकाच माणसाच्या निघतात. घर एकासाठी सुखाचे करायला पैसा पुरतो; सगळ्यांसाठी करायचे तर गाठींचा विचार करावा लागतो, आणि त्या बाबतीत नालछे मांडूच्या पुढे आहे.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसते ते पाण्याच्या नियमात. पाणी गाळून प्यावे हे तर कोणीही सांगेल. आशाधर पुढे सांगतात की फडके जाड आणि धड हवे, गाळलेले पाणी दोन मुहूर्त, म्हणजे साधारण दीड तास, उलटले की पुन्हा गाळावे, आणि फडक्यावर उरलेले सूक्ष्म जीव इकडेतिकडे न झटकता ज्या विहिरीतून पाणी आणले त्याच विहिरीत परत सोडावे. दुसऱ्या विहिरीत सोडणे हाही दोष. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या किड्याला त्याच्या स्वतःच्या गावी पोचवायचे, ते सुद्धा वाट वाकडी करून! आपण लग्नाला आलेल्या मावशीला ‘स्टँडवर रिक्षा मिळेल’ म्हणून दारातून निरोप देणारे लोक. शास्त्र म्हणून हा नियम आज कोणी पाळो न पाळो, त्यातली समज मला अमोल वाटते. किड्याचे भले कशात, हे किड्याच्या बाजूने पाहिले आहे. आपल्याला सोईची विहीर कोणती, हा प्रश्न तिथे येतच नाही.

भेटवस्तूंचा सगळा घोटाळा नेमका इथे आहे: आपण देतो ते आपल्या विहिरीत. दात्याचे सात गुण जैन परंपरेने सांगितले आहेत. श्रद्धा, भक्ती, संतोष, क्षमा, निर्लोभ, सत्त्व, आणि या मालिकेत एक चमत्कारिक गुण आहे, विज्ञान. म्हणजे काय द्यावे, कोणाला, केव्हा, याची जाण. बाकीचे सहा गुण मराठी घरांत तुडुंब आहेत. सातव्यापाशी घोडे अडते. पुरावा म्हणून कोणत्याही घरातले कपाट उघडावे. एकावर एक चार भिंतीवरची घड्याळे, ज्यांच्यासाठी घरात भिंत नाही. ‘चि. सौ. कां.’ने सुरू होणारे, टिंबाटिंबांच्या अक्षरांत कोरलेले नाव असल्यामुळे पुढे कोणाला देताही येत नाहीत असे सहा गंज. आणि ब्लाउजपीस. ओटीतून मिळालेला ब्लाउजपीस हा आपल्याकडचा खरा अनगार आहे, त्याला घर नाही. तो धारहून देवासला जातो, देवासहून इंदूरला, तिथून बडोद्याला, आणि सहा वर्षांनी मूळ मालकिणीच्या ओटीत परत येतो, तेव्हा ती घडी ओळखते आणि दोन्ही बाजू हसून नारळाबद्दल बोलू लागतात. स्वतःच्या विहिरीत परत सोडणे हा नियम आपण एवढ्याच बाबतीत कटाक्षाने पाळतो.

आशाधरांनी व्रती गृहस्थाला काही वस्तू दान द्यायलाच मनाई केली: जमीन, घर, लोखंड, गाय, घोडा. कारण त्यांच्यामागे हिंसा येते. पहिल्यांदा वाचताना हे अतिरेकी वाटते. मग वाढदिवसाच्या दिवशी करंडीतून, गळ्यात लाल फीत बांधून घरात येणारे कुत्र्याचे पिल्लू आठवते. हे आजचे गोदान. पिल्लू दोन महिने खेळणे असते, मग कुत्रा होतो. देणारा केक खाऊन घरी गेलेला असतो आणि इथे पुढची बारा वर्षे पहाटे सहाला कोण उठणार यावर कौटुंबिक परिषदा भरतात. हिमात गाड्या ओढण्यासाठी घडलेला सैबेरियन हस्की माळव्याच्या उन्हाळ्यात फरशीला पोट लावून धापा टाकत पडतो, तेव्हा भेट कोणाला मिळाली आणि शिक्षा कोणाला, हे सांगणे अवघड होते. फीत जरी सुरगाठीची असली तरी बाकी सगळी निरगाठच. मुलांना जबाबदारी कळावी म्हणून पिल्लू देतात, असे समर्थन ऐकू येते. जबाबदारी कळते, पण बहुधा आजीला, आणि तिला ती आधीच कळलेली असते.

भेट म्हणून मिक्सर देणाऱ्या नवऱ्यांचे काय, असा प्रश्न इथे बायका विचारतील. जी वस्तू घेणाऱ्याच्या कामाला नवे जू जोडते ती भेट नव्हे, तो सरंजाम आहे. उलट ज्या म्हाताऱ्या मावशीला डोळ्यांनी धड दिसत नाही पण उशीचे अभ्रे शिवायची हौस सुटत नाही, तिच्यासाठी दहा सुयांत दोरे ओवून, गाठी मारून, एका जुन्या खोबरेल तेलाच्या डबीत ठेवून देणे याला खर्च शून्य आहे आणि विज्ञान काठोकाठ. त्या सुया संपेपर्यंत तिला कोणाला हाक मारावी लागत नाही. ‘पण विचारून दिले तर गंमत काय राहिली?’ हा नेहमीचा आक्षेप. विचारायला कोण सांगतो? पाहायला सांगतो आहे. मावशी खिडकीशी जाऊन सुई उजेडात धरते, दोऱ्याचे टोक ओठांत ओले करते, तीनदा चुकवते, हे सगळे घर रोज पाहत असते. भेट मात्र तिला देवाच्या फोटोचीच मिळते.

घेणाऱ्याकडेही थोडी कला लागते, आणि इथे पुन्हा सुलतान घियासुद्दीनला बोलवावे लागते. इतिहासकारांनी नोंदलेला किस्सा असा: एकाने गाढवाचा खूर आणला आणि सांगितले, हा येशूच्या गाढवाचा. सुलतानाने मोठी रक्कम देऊन ठेवून घेतला. मग दुसरा आला, तिसरा, चौथा. सगळ्यांना तेवढेच पैसे मिळाले. पाचवा खूर घेऊन आला तेव्हा दरबारी न राहवून म्हणाले, गाढवाला पाच पाय कसे? सुलतान म्हणाला, कदाचित हा खरे बोलत असेल आणि आधीच्यातला एखादा खोटा असेल. आपल्याकडे ‘धर्माची गाय, दात का गं नाय’ असे म्हणून घेणाऱ्याला गप्प करतात. सुलतानाने न सांगता दातही मोजले नाहीत आणि खूरही. सहा गंज, चार घड्याळे घरात ठेवून घेणाऱ्या प्रत्येक मराठी गृहिणीत एक छोटा घियासुद्दीन असतो.

राहता राहिला ढोंगाचा आरोप. लोक म्हणतात, एका हाताने चिमण्यांना दाणे टाकणारा दुसऱ्या हाताने कोंबडी खातो, मग दाण्यांना काय अर्थ? या बाबतीत १६१७ मध्ये मांडूत मुक्कामाला आलेला जहांगीर हा कळसच. बाराव्या वर्षापासून आपण स्वतःच्या हाताने १७,१६७ जीव मारले असा हिशेब त्याने आत्मचरित्रात दिला आहे. आणि हाच माणूस थंडीत गार पाण्याने हत्ती कुडकुडतात हे पाहून त्यांच्या अंघोळीचे पाणी कोमट करायचा हुकूम देतो. ढोंगी? असेलही. पण हत्तीच्या बाजूने पाहिले तर पाणी कोमट होते. जगात सगळ्या बाजूंनी शुद्ध झालेल्या माणसानेच भांड्यात पाणी ठेवावे असे ठरले तर उन्हाळ्यात एकही कावळा जगणार नाही.

याहून अवघड आक्षेप शेजाऱ्यांचा. तुमची दया आमच्या जिन्यात का घाण करते? गल्लीतल्या कुत्र्यांना एक जण पोळ्या घालतो आणि रात्री पाठलाग दुसऱ्याचा होतो, तेव्हा दुसऱ्याला निर्दय म्हणणे सोपे असते. याचे उत्तर नालछ्यापासून फार दूर नाही, मांडूच्या डोंगराखाली नर्मदेकाठी महेश्वरला आहे. मजा अशी की ते आपल्यापर्यंत पोचवले नालछ्यातला एक जुना महाल दुरुस्त करून त्यात उन्हाळे काढणाऱ्या ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने. १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात तो अहिल्याबाई होळकरांबद्दल लिहितो की महेश्वरच्या परिसरात भर उन्हात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला बाईंचा माणूस येई. आणि पाखरांसाठी बाईंनी शेते विकत घेऊन ठेवली होती. कारण शेतकरी आपल्या पिकावरून पाखरे हाकलतो ते योग्यच करतो, त्याचे पोट त्यावर आहे, असे बाई म्हणत. ही खरी सुरगाठ! शेतकऱ्याला भूतदयेचे प्रवचन नाही, पाखरांना शिव्या नाहीत. दया आपली, तर शेतही आपल्या पैशाचे. गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्याने शेजाऱ्याच्या दारात न घालता आपल्या अंगणात घालाव्यात, त्यांच्या नसबंदीची आणि लसीची वर्गणी आधी स्वतः काढावी, मग शेजाऱ्याचे मन मोजावे. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती एका गावात दोन संस्थाने थाटून १९४८ पर्यंत नांदल्या. एका जिन्यात एक श्वानप्रेमी आणि एक श्वानद्वेष्टा नांदायला हरकत नसावी.

शेवटचा अतिचार अन्नपाणी तोडण्याचा. त्याचे सरळ रूप म्हणजे आधी आपल्यावर अवलंबून असलेल्या दोनपायांना आणि चारपायांना घालावे, मग गृहस्थाने बसावे. ग्रंथाने हे गृहस्थाला उद्देशून सांगितले. पुरुषाने तो नियम आदराने वाचला आणि पहिल्या पंगतीला जाऊन बसला. कुत्र्याची चतकोर, गाईची पोळी, मुलांचे डबे, सासऱ्यांचे पथ्य, हे सगळे ज्यांनी ‘सागारधर्मामृता’चे नावही ऐकलेले नाही त्या बायका जवळजवळ आठशे वर्षे अक्षरशः पाळत आल्या. तीन वाजता ओटा पुसून, पदराला हात पुसत ती शेवटी पान वाढून घेते: दोन गार पोळ्या, भाजीचा खरवडून काढलेला बुडखा आणि साय बाजूला सारलेल्या दुधातला भात. नेमके तेव्हाच मांजर कुठूनशी येऊन तिच्या पानापाशी पाय दुमडून बसते. दिवसभरात घरातल्या कोणापुढेही ते असे बसत नाही, कारण सगळ्यांत शेवटी जेवणारीच पानात काही राखते, हे त्याला पक्के ठाऊक असते.